बाप आरोपी, म्हणून पोरगाही? सोलापूरच्या सेटलमेंटने विचारलेला प्रश्न

सोलापुरात रिक्षावाल्याला नुसते ‘सेटलमेंट’ म्हटले तरी पुरते. पण ‘सेटलमेंट फ्री कॉलनी’ या नावातला ‘फ्री’ कुठून आला, हे नव्या पिढीतल्या अनेकांना ठाऊक नसते. तारेच्या कुंपणाबाहेर राहण्याची मुभा मिळालेल्यांची ती वस्ती. कुंपणाच्या आत होते कैकाडी, पारधी, टकारी, भामटा, मांग गारुडी. गिरणीत राबायचे आणि हजेरी द्यायची. गुन्हा सिद्ध होण्याची गरजच नव्हती, १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याला जन्म पुरेसा होता.

या कायद्यामागे एक गृहीतक होते: कुटुंबच गुन्हा शिकवते. म्हणून १८९७ च्या दुरुस्तीने ४ ते १८ वयाच्या मुलांना आईबापांपासून तोडून वेगळ्या सुधारगृहात ठेवण्याची सोय केली. हे गृहीतक कोणी तपासून पाहिले होते? कोणीच नाही. नोंद झाली म्हणून पाळत, पाळत म्हणून अटक आणि अटक झाली की पुन्हा तीच नोंद पुरावा! जात कशी चालते हे ज्यांनी भोगले आहे, त्यांना ही युक्ती नवी वाटणार नाही.

कायद्यातले अनुभवाधिष्ठित संशोधन म्हणजे अशी गृहीतके प्रत्यक्ष माहितीवर घासून पाहणे. लंडनच्या कामगार वस्तीतील ४११ मुलांचा अभ्यास १९६१ मध्ये सुरू झाला आणि पुढे अनेक दशके चालला. शिक्षा झालेल्या बापाच्या मुलाला शिक्षा होण्याचे प्रमाण जास्त, हे त्यात दिसलेच. ते नाकारण्यात अर्थ नाही. गरिबी, घरातली भांडणे, मुलांकडे दुर्लक्ष, ही कारणेही त्यात पुढे आली. पण संशोधकांनी मुलांना स्वतः काय काय केले तेही विचारले होते. त्यातून कळले की, सारख्याच चुका करणाऱ्या दोन मुलांपैकी ज्याचा बाप शिक्षा भोगलेला, तोच जास्त वेळा दोषी ठरतो. म्हणजे ‘वारशा’चा काही भाग घरात नव्हे, चौकीत आणि कोर्टात तयार होतो. आमच्या मते सेटलमेंटचे सारे कोडे इथे उलगडते.

कायदा ३१ ऑगस्ट १९५२ रोजी देशभर रद्द झाला. नंतर राज्याराज्यांत सराईत गुन्हेगारांचे कायदे आले, मुंबई राज्याचा १९५९ चा. तुरुंगाच्या नियमावल्यांमध्ये विमुक्तांचा उल्लेख ‘सवयीचे गुन्हेगार’ म्हणून तसाच राहिला. तो काढा, असे सर्वोच्च न्यायालयाला ३ ऑक्टोबर २०२४ रोजी सांगावे लागले.

आज अल्पवयीन मूल पकडले गेले की परिविक्षा अधिकारी सामाजिक तपासणी अहवाल भरतात. घरातल्या कोणावर गुन्हा आहे का, हा रकाना त्यात असतो. मुलाला मदत काय लागेल हे ठरवायला तो उपयोगी आहे. पण वस्तीतल्या आईबापांनी तो भरला जाताना एवढे जरूर विचारावे: अटक झाली होती की शिक्षा? सुटका झाली असेल तर तीही लिहिली का? मूल शाळेत जाते, आजी सांभाळते, मामा कामाला लावायला तयार आहे, हे त्याच कागदावर आले का?