जुन्या खेळांची वर्गणी : भरावी की न भरावी?

टीव्हीला जोडून खेळायच्या व्हिडिओ गेमची, म्हणजे आजच्या भाषेत कन्सोलची, वर्षाची वर्गणी भरणे परवडते काय, अशी विचारणा बारामती व इंदापूर तालुक्यांतील वाचकांकडून आमच्याकडे होत आहे. विचारणारे दोन प्रकारचे आहेत. एक पालक. मुलाने ईदीचे पैसे साठवून किंवा आखातातल्या मामाकडे हट्ट धरून यंत्र मिळवले आहे आणि आता तो 'वर्गणी भरा, त्यात जुने शंभर खेळ फुकट आहेत' म्हणून मागे लागला आहे. दुसरे, कॉलेजच्या आसपास गाळा घेऊन गेमिंग पार्लर काढू पाहणारे तरुण. दोघांचा हिशोब निराळा आहे, म्हणून दोन्ही स्वतंत्रपणे मांडत आहोत.

आधी एक गोष्ट मान्य करायला हवी. 'जुने खेळ' या शब्दांना मुलापेक्षा बापच लवकर भुलतो. १९९० च्या दशकात सामुराई, मीडिया, लिटल मास्टर अशा नावांची यंत्रे आपल्याकडच्या घरांत आली. त्यांतील बहुतेक यंत्रे जपानच्या निन्टेन्डो कंपनीने १९८३ साली काढलेल्या फॅमिकॉमच्या बनावटीवर बेतलेली होती. कॅसेटवर '९९९९ इन १' असे छापलेले असे आणि आत मोजून दहा-वीस खेळ, तेच पुन्हा पुन्हा. तरी मारिओ, कॉन्ट्रा आणि रणगाड्यांच्या खेळासाठी भावाभावांत रिमोटवरून मारामाऱ्या होत. त्या वयाची मुले आज चाळिशीत आहेत आणि त्यांच्या खिशात पैसे आहेत, हे कंपन्यांना चांगले ठाऊक आहे. जुन्या खेळांची वर्गणी मुख्यतः या गिऱ्हाइकावर नजर ठेवून काढलेली आहे.

आता वर्गणी म्हणजे नेमके काय ते पाहू. आमच्या साप्ताहिकाचीही वर्गणी असते. ती संपली तर पुढचा अंक येत नाही, पण आलेले अंक तुमच्या फडताळात राहतात. कन्सोलची वर्गणी तशी नाही. ती संपली की त्यातून मिळालेले जुने खेळ बंद पडतात, मग तुम्ही एक वर्ष भरली असो की पाच वर्षे. हे भाडे आहे. भाडे देणे वाईट असे आमचे म्हणणे नाही. दुकानाचा गाळा आपण भाड्यानेच घेतो. पण भाडे भरताना आपण मालक होत आहोत, असा समज असू नये.

या वर्गणीत दोन-तीन वेगळ्या वस्तू एकत्र बांधून विकल्या जातात आणि तिथेच गिऱ्हाइकाचा गोंधळ होतो. म्हणून गाठोडे सोडून पाहू.

निन्टेन्डोने आपल्या स्विच यंत्रासाठी सप्टेंबर २०१८ मध्ये सशुल्क वर्गणी सुरू केली. अमेरिकेतील दर वर्षाला सुमारे २० डॉलर. त्यात इंटरनेटवरून दुसऱ्यांशी खेळता येते आणि फॅमिकॉम, सुपर निन्टेन्डो व गेम बॉय या जुन्या यंत्रांवरील खेळ मिळतात. ऑक्टोबर २०२१ मध्ये तिची मोठी पायरी आली, वर्षाला सुमारे ५० डॉलरची. तिच्यात निन्टेन्डो ६४ आणि सेगा मेगा ड्राइव्हचे खेळ आले, पुढे गेम बॉय अ‍ॅडव्हान्सचेही. सोपा हिशोब म्हणून डॉलर ९० रुपयांना धरला, तर साधी वर्गणी १,८०० रुपये आणि मोठी ४,५०० रुपये पडते. म्हणजे मधल्या काळातील जुन्या खेळांची किंमत वर्षाला २,७०० रुपये झाली. लहानपणी ज्यांनी फक्त मारिओ खेळला, त्यांचा खेळ साध्या वर्गणीतच आहे. त्यांनी मोठी भरण्याचे कारण नाही.

कुटुंबासाठी वेगळा दर आहे. आठ जणांच्या खात्यांपर्यंत साधी ३५ डॉलर आणि मोठी ८० डॉलर. आठही खाती वापरली तर मोठी वर्गणी माणशी ९०० रुपयांवर येते. आपल्याकडे चुलत-मावस भावंडांची घरे एकमेकांना धरून असतात, तिथे हा दर विचार करण्यासारखा आहे. मात्र प्रत्येक घरी स्विच यंत्र असले पाहिजे. एकाच यंत्रावर चार मुले आळीपाळीने खेळणार असतील, तर कुटुंबाचा दर घेऊन फारसे काही हाती लागत नाही.

सोनीच्या प्लेस्टेशनचा हिशोब रुपयांत मांडता येतो. जून २०२२ मध्ये भारतात तीन पायऱ्या लागू झाल्या. त्या वेळचे वर्षाचे दर असे होते : इसेन्शियल २,९९९, एक्स्ट्रा ४,९९९ आणि डिलक्स ५,७४९ रुपये. सप्टेंबर २०२३ मध्ये कंपनीने वर्षाचे दर जगभर वाढवले, तेव्हा आज भरताना ताजा दर पाहूनच भरावे. पण पायऱ्यांमधील अंतर बोलके आहे. पहिल्या पायरीत मुख्यतः इंटरनेटवरून खेळण्याची परवानगी मिळते, दुसरीत नव्या-मध्यम खेळांचा साठा आणि तिसरीत जुन्या प्लेस्टेशनचे खेळ. दुसरी व तिसरी यांतील फरक अवघा ७५० रुपयांचा होता. म्हणजे खुद्द कंपनीनेच जुन्या खेळांना वर्षाला एवढीच किंमत लावली. बाकीचे पाच हजार दुसऱ्याच गोष्टींसाठी होते. ज्याला त्या गोष्टी नकोत, त्याने साडेसातशेच्या वस्तूसाठी पावणेसहा हजार मोजले, असाच याचा अर्थ.

डिलक्स महिन्याने भरले तर ८४९ रुपये होते. बारा महिन्यांचे १०,१८८ रुपये. वर्षाच्या दराच्या जवळजवळ दुप्पट! माळेगाव, सोमेश्वर किंवा छत्रपती कारखान्याचा उसाचा हप्ता ज्यांच्या घरी येतो त्यांना रक्कम एकदम भरणे जमते. दुधाच्या दहा दिवसांच्या पगारावर घर चालते तिथे महिन्याची वर्गणी हलकी वाटते, पण शेवटी तीच महाग पडते. त्यांनी सुट्टीच्या एखाद्या महिन्यापुरतीच भरावी आणि बंद करावी.

मायक्रोसॉफ्टच्या एक्सबॉक्सबद्दल थोडक्यात. २०२५ साली त्यांच्या गेम पासमध्येही १९८०-९० च्या दशकांतील काही खेळ आले. पण त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये अल्टिमेट या वरच्या पायरीचा भारतातील दर महिन्याला ८२९ वरून १,३८९ रुपये झाला. केवळ जुन्या खेळांसाठी हा मार्ग धरू नये.

विकत घेणे बरे की भाडे, हा पुढचा प्रश्न. जुने खेळ संचाच्या रूपात एकदाच पैसे देऊन मिळतात. कोनामी कंपनीने २०१९ साली कॉन्ट्राच्या जुन्या खेळांचा संच सुमारे २० डॉलरना काढला, म्हणजे निन्टेन्डोच्या एका वर्षाच्या साध्या वर्गणीएवढ्या किमतीत. कॉन्ट्राच हवा असणाऱ्याने वर्गणी भरत बसण्यापेक्षा असा संच घ्यावा, हे आमचे स्पष्ट मत आहे. अर्थात इंटरनेटवरून विकत घेतलेले सारे कायमचे असते असेही नाही. निन्टेन्डोने २००६ साली आलेल्या वी यंत्रावर जुने खेळ एकेक करून विकले आणि ३० जानेवारी २०१९ रोजी ते दुकानच बंद केले. ज्यांनी खेळ यंत्रात उतरवून ठेवले होते त्यांचे चालत राहिले. सेगाने आपल्या मेगा ड्राइव्हच्या पन्नासहून अधिक खेळांचा संच डिसेंबर २०२४ मध्ये इंटरनेटच्या दुकानांतून काढून घेतला. नवीन गिऱ्हाइकाला तो तिथे मिळेना, पण ज्यांनी आधी घेतला होता त्यांच्याकडे तो राहिला. ज्यांच्याकडे त्याची डिस्क आहे, त्यांना तर कोणाची परवानगीच नको. डिस्क मिळत असेल तर डिस्क घ्यावी. खेळून झाल्यावर ती विकताही येते.

काही घरांना वर्गणीची गरजच नसते, हे मात्र कोणी सांगत नाही. शेजारी बसून दोन रिमोटवर फुटबॉल किंवा कुस्ती खेळायला वर्गणी लागत नाही. फोर्टनाइटसारखे जे खेळ मुळात फुकट आहेत, ते प्लेस्टेशन, एक्सबॉक्स व स्विच या तिन्ही यंत्रांवर वर्गणीशिवाय इंटरनेटवरून खेळता येतात. मुलगा नेमके काय खेळतो, एवढे विचारले तरी पुष्कळ वेळा प्रश्न तिथेच मिटतो.

इंटरनेटचे म्हणाल तर जुन्या खेळांना ते फार लागत नाही. मूळ सुपर मारिओ अवघ्या ४० किलोबाइटचा आहे. लग्नाचा एक फोटो मोबाईलवर आला तरी तो त्याहून कितीतरी मोठा असतो. परंतु स्विचवरील जुने खेळ चालू राहण्यासाठी सात दिवसांतून एकदा तरी यंत्र इंटरनेटला जोडावे लागते, कारण वर्गणी चालू आहे की नाही हे ते तपासते. निमगाव केतकी किंवा सुप्यासारख्या ठिकाणी मोबाईलचे नेट जोडूनही हे काम होते. दूरच्या माणसाशी सामना खेळायचा असेल तर मात्र नेट अखंड आणि चपळ हवे. ते घरी नसेल, तर वर्गणीतील सर्वांत महागडा भाग वायाच जातो.

पैसे कसे जातात, याकडे पालकांनी अधिक लक्ष द्यावे. निन्टेन्डोचे भारतासाठी अधिकृत ऑनलाइन दुकान नाही. त्यामुळे खाते परदेशाच्या नावाने उघडावे लागते आणि कार्डावर परकी चलनाचा आकार बसतो, अनेक बँकांत साडेतीन टक्क्यांपर्यंत आणि त्यावर जीएसटी. यंत्र बिघडले तर भारतात कंपनीची हमी नाही. मग पुण्याच्या तपकीर गल्लीत किंवा तशाच ठिकाणी दुरुस्ती करणारा शोधणे आले. इंदापूरहून हा हेलपाटा सव्वाशे किलोमीटरच्या वर जातो.

दुसरी गोष्ट आपोआप होणाऱ्या नूतनीकरणाची. वर्गणी संपताच कंपनी पुढच्या वर्षाचे पैसे स्वतःच कापून घेते. रिझर्व्ह बँकेच्या १ ऑक्टोबर २०२१ पासूनच्या नियमानुसार भारतीय कार्डावरून अशी कपात होण्यापूर्वी किमान २४ तास आधी सूचना यावी लागते. ही सूचना कोणाच्या मोबाईलवर येते ते पाहून ठेवावे. कार्ड दुबईतल्या भावाचे असेल तर आपल्या रिझर्व्ह बँकेचा नियम त्याला लागूच नाही. पैसे तिकडे कापले जातात, इकडे कोणाला पत्ता नसतो आणि मुलाने यंत्राला हात लावून कित्येक महिने झालेले असतात.

काही वडीलधाऱ्यांनी विचारले आहे की ऑनलाइन खेळांवर आता बंदी आहे ना? ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने जो कायदा केला, तो पैसे लावून खेळायच्या खेळांवर बंदी घालतो. ज्यात डाव लावला जात नाही आणि केवळ खेळण्याची वर्गणी घेतली जाते, ते खेळ त्या बंदीत येत नाहीत.

आता पार्लर काढणाऱ्यांकडे येऊ. बारामतीत तुळजाराम चतुरचंद महाविद्यालय, विद्या प्रतिष्ठान यांसारख्या संस्थांमुळे बाहेरगावचे विद्यार्थी मोठ्या संख्येने राहतात, तेव्हा गिऱ्हाईक नाही असे नाही. पण एक डिलक्स वर्गणी भरायची आणि तासावर पोरांना खेळू द्यायचे, हा बेत कराराविरुद्ध आहे. या वर्गण्या खाजगी, बिगरव्यापारी वापरासाठी दिल्या जातात. खाते बंद झाले तर भरलेले पैसे गेले आणि दाद मागायला जागा नाही. शिवाय पार्लरमध्ये मित्र मित्र शेजारी बसून सामने खेळतात. त्याला वर्गणी लागत नाही, हे वर आलेच आहे. भांडवल थोडे असेल तर ते चांगली खुर्ची, जादा रिमोट आणि वीज गेल्यावर चालणारा इन्व्हर्टर यांत घालावे. डिस्क लावून व्यवसाय करण्यासही कंपनीची परवानगी आपोआप मिळत नाही. गाळ्याची अनामत देण्याआधी जाणकाराला विचारावे.

उरूस-जत्रेत आणि मोबाईलच्या दुकानांत '४०० इन १' म्हणून हातात मावणारे स्वस्त खेळणे मिळते. गिऱ्हाईक विचारते, मग वर्गणी कशाला? त्यातील प्रसिद्ध खेळ बहुधा मालकाच्या परवानगीविना भरलेले असतात. घेणाऱ्याला त्याचे काही वाटत नाही, पण आमचे अनेक वाचक विकणारे आहेत. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम ६३ प्रमाणे जाणूनबुजून हक्कभंग करणाऱ्यास सहा महिने ते तीन वर्षे कैद आणि ५० हजार ते दोन लाख रुपये दंड होऊ शकतो. एका नगावर सुटणाऱ्या नफ्याकडे पाहता ही जोखीम घेण्यासारखी नाही.

तेव्हा वर्गणी कोणी भरावी? ज्या घरी मुले इंटरनेटवरून विकतच्या खेळांचे सामने नियमाने खेळतात, त्यांनी वर्षाची, खालच्या पायरीची भरावी. जुने खेळ मिळाले तर ते वरकड समजावे. केवळ आठवणींसाठी हवे असेल तर एखादा संच विकत घ्यावा. दोन शुक्रवार संध्याकाळी मारिओ खेळून झाला की बहुतेकांचा उत्साह ओसरतो, असे आम्ही पाहिले आहे.

भरलीच, तर त्याच दिवशी खात्यात जाऊन आपोआप नूतनीकरण बंद करावे. तसे केल्याने वर्गणी तुटत नाही, ठरलेल्या तारखेपर्यंत चालते. खेळात कुठवर पोहोचलो याची कंपनीकडे साठवलेली नोंद वर्गणी संपल्यावर सोनी व निन्टेन्डो सुमारे सहा महिने ठेवतात. त्या मुदतीत पुन्हा भरले तर मुलाला पहिल्या पायरीपासून सुरुवात करावी लागत नाही. म्हणून परीक्षेच्या महिन्यांत वर्गणी बंद ठेवून मे महिन्यात पुन्हा सुरू करण्यास काही हरकत नाही.