निजामांची सिंहासन-मोटार

हैदराबादेत गौलीगुड्याहून मुसी नदी ओलांडून चौमहल्ला राजवाड्यात गेले असता तेथे पिवळ्या रंगाची जी रोल्स-रॉइस 'सिल्व्हर घोस्ट' दृष्टीस पडते, ती सहावे निजाम मीर महबूब अली खान यांच्या फर्माइशीवरून विलायतेत सिद्ध झाली. परंतु १९११ साली ते पैगंबरवासी झाल्यामुळे तिच्यात बसण्याचा योग त्यांना लाभला नाही. बार्कर कंपनीने घडविलेल्या तिच्या देहात मागचे आसन सिंहासनासारखे उंच असून त्यावर घुमटाकार छत आहे. इंजिन सहा सिलिंडरांचे, सुमारे साडेसात लिटरचे. सातवे निजाम उस्मान अली खान यांनी हे वैभव केवळ समारंभाच्या स्वारीपुरते बाहेर काढले, चारशे मैलांहूनही कमी चालविले, आणि नित्याच्या फेरफटक्यास जुनी, साधी गाडीच पसंत केली. मालकाचा याहून बोलका अभिप्राय मला तरी ठाऊक नाही. त्यांच्याच कारकीर्दीत, १९३२ साली, रियासतीच्या रेल्वे महकम्याने २७ बसगाड्यांनिशी रस्ते-वाहतूक सुरू केली, आणि रयतेच्या प्रवासाला गौलीगुड्यातील विमानघराचे ते विशाल लोखंडी छप्पर लाभले, जे २०१८ च्या जुलैत कोसळेपर्यंत शहराच्या ओळखीचे होते.