आनंदाची पाचवी, दुसऱ्यांदा

किशोरवयीन मुलांच्या गोष्टींवर पीएचडी करतेय म्हटलं की लोक एकच कथानक ऐकवतात: पोरगं चुकतं, रडतं, मोठी माणसं माफ करतात. 'श्यामची आई' डोक्यात पक्की बसलीय ना! साने गुरुजींनी ते 1933 साली नाशिकच्या तुरुंगात लिहिलं. त्यात श्याम पुस्तकांसाठी पैसे चोरतो आणि आईपुढं कबूल करतो. चूक पोराची, संधी देणारी आई.

आता कोल्हापूरहून निपाणीच्या रस्त्याला लागा, कागलपर्यंत. आनंद यादवांची 'झोंबी' (1987) इथली. आत्मचरित्रात्मक कादंबरी आहे, खास मुलांसाठी म्हणून लिहिलेली नाही. तरी मी ती माझ्या यादीत ठेवलीय, कारण इथं चूक बापाची आहे.

दादा आनंदाला शाळेतून काढून शेतात जुंपतो आणि स्वतः गावभर हिंडतो. पोराला शाळा हवीय, पण दादाला थेट सांगायची सोय नाही. मग मायलेक रात्री दत्ताजीराव देसायांकडं जातात आणि वर विनवतात, आम्ही आलो होतो हे दादाला सांगू नका. आई घरी सांगते, भाजी द्यायला गेले होते. म्हणजे चक्क खोटं! देसाई दादाला बोलावून झापतात. तिथं दादा पोराच्याच तक्रारी सांगतो, की याला वाईट सवयी लागल्यात. चूक एकाची आणि खुलासे दुसऱ्यानं द्यायचे, हे तुम्हीही कुठं ना कुठं पाहिलं असेल.

शाळा मिळते, पण अटींवर. अकरापर्यंत शेतात काम, तिथूनच दप्तर घेऊन शाळा, सुटल्यावर तासभर गुरं राखायची, आणि रानात काम जास्त असलं तर शाळेला दांडी. माफीच्या गोष्टींत असलं वेळापत्रक सहसा नसतं. खऱ्या आयुष्यात मात्र दुसरी संधी बऱ्याचदा अशीच मिळते.

पुढचा भाग मला सगळ्यात खरा वाटतो. आनंदा पुन्हा पाचवीतच बसतो. बरोबरीची पोरं पुढं गेलेली, भोवती लहान पोरं. एक वात्रट पोरगा त्याचा गमछा हिसकावून डोक्याला गुंडाळतो आणि मास्तरची नक्कल करतो. आनंदाला वाटतं, नकोच ही शाळा. एवढं भांडून मिळवलेली गोष्ट पहिल्याच दिवशी सोडावीशी वाटते, हे लिहायला लेखकाकडं धीटपणा लागतो. श्यामसारखा पश्चात्ताप इथं कुणाला होत नाही. देसायांकडं बोललेलं खोटंही कादंबरी आनंदाच्या किंवा आईच्या माथी मारत नाही.

तो दुसऱ्या दिवशी जातो. पुढं सौंदलगेकर मास्तर वर्गात कविता गाऊन शिकवतात आणि तो पिकाला पाणी पाजताना त्याच कविता मोठ्यानं म्हणू लागतो. आधी रानातलं एकटेपण त्याला खायला उठायचं. आता कुणी नसलेलंच बरं वाटतं, मोकळ्या गळ्यानं म्हणता येतं.