सोनेरी केसांची नावे

लॅटिन ‘फ्लावुस’ म्हणजे पिवळा वा सोनेरी. त्यापासून ‘फ्लाविउस’ हे कुलनाम झाले आणि त्याच कुलातील वेस्पासियन व त्याचे दोन पुत्र यांनी इ.स. 69 ते 96 या काळात रोमवर राज्य करून कलोसियम उभारले. आयरिश पुराकथांतील वीराचे देम्ने हे बालपणीचे नाव मागे पडून, उजळ केसांमुळे तो ‘फिन’ म्हणजे गोरा ठरला. संस्कृतातील उदाहरणे अधिक अर्थपूर्ण आहेत, कारण तेथे हा वर्ण तेजाचा द्योतक आहे : ऋग्वेदात सूर्याला ‘हरिकेश’, म्हणजे पिंगट-सोनेरी केसांचा, असे संबोधले आहे, तर ‘हिरण्यकेशी’ हे तैत्तिरीय शाखेतील एका सूत्रकाराचे नाव असून आंबोलीत उगम पावणाऱ्या नदीचेही तेच नाव आहे.