शर्यतीतून उरलेले घोडे

पूनावाला कुटुंबाचा घोडेपैदाशीचा फार्म १९४६ साली पुण्यात सुरू झाला. त्यामागची गरज मात्र मुंबईत, महालक्ष्मीच्या मैदानावर तयार झाली होती. महायुद्धापूर्वी इथल्या शर्यतींत विलायतेहून बोटीने आलेले थरोब्रेड आणि इराणी आखातातून आलेले अरबी घोडे धावत. भारतात जन्मलेल्या जनावराकडे कोणी फारसे वळून पाहत नसे. युद्धात ही आयात आटली. १९४३ साली महालक्ष्मीला पहिली इंडियन डर्बी झाली ती देशात पैदा झालेल्या घोड्यांसाठी, आणि बडोद्याच्या महाराजांची ‘प्रिन्सेस ब्यूटिफुल’ ही घोडी ती जिंकली. देशी शिंगराला किंमत आली. सोली पूनावाला यांनी तीन वर्षांनी पैदास सुरू केली ती अशा वेळी.

शिवाजी पार्कच्या अश्वारूढ पुतळ्यामुळे जी दख्खनी घोडेस्वारी आठवते, तिच्याशी या धंद्याचा तसा संबंध नाही. मराठ्यांचे भीमथडी तट्टू काटक, कमी चाऱ्यावर दिवसभर चालणारे. थरोब्रेड अगदी उलट: दोन-अडीच मिनिटांच्या वेगासाठी घडवलेला, नाजूक पायांचा आणि खर्चिक. जगातल्या प्रत्येक थरोब्रेडची नरांची वंशरेषा सतराव्या-अठराव्या शतकात इंग्लंडात आणलेल्या तीन घोड्यांपैकी एकापाशी पोचते. १७९१ पासून इंग्लंडात त्यांची वंशावळ छापली जाते. भारतातली वंशनोंद पुण्यातून ठेवली जाते. नोंदवहीत नाव नसलेले शिंगरू कितीही वेगाने पळाले तरी त्याला शर्यतीत जागा नाही. कृत्रिम रेतनाने झालेले शिंगरू तर कुठल्याच देशाची नोंदवही घेत नाही, म्हणून घोडी आणि स्टॅलियन (पैदाशीचा घोडा) प्रत्यक्ष एका आवारात आणावे लागतात. चांगला स्टॅलियन हवा तर तो विकत घेऊन विमानाने आणायचा. गाई-म्हशींच्या धंद्यासारखी गोठवलेल्या वीर्याची कांडी मागवून इथे भागत नाही.

बाहेरच्या माणसाचे लक्ष स्टॅलियनकडे जाते, कारण त्याचे नाव मोठे आणि किंमतही मोठी. मुरलेला पैदासकार आधी घोड्या पाहतो. स्टॅलियन एका हंगामात चाळीस-पन्नास घोड्यांना लागू शकतो. घोडीला वर्षाला फार तर एकच शिंगरू. फार्मचे खरे भांडवल म्हणजे तबेल्यात उभ्या असलेल्या पंचवीस-तीस आया, त्यांच्या आया आणि त्यांच्या पोरींनी मैदानावर काय केले त्याची नोंद. हे भांडवल पैशाने एकरकमी विकत मिळत नाही.

हंगाम सुरू होतो तो दिव्यांपासून. घोडी दिवस मोठा होऊ लागला की माजावर येते, म्हणजे निसर्गाच्या हिशेबाने उन्हाळ्याच्या तोंडावर. इकडे भारतात कागदावर सगळ्या थरोब्रेडचा वाढदिवस १ जानेवारीला. जानेवारीत जन्मलेले आणि मे महिन्यात जन्मलेले शिंगरू शर्यतीत एकाच वयाचे मानले जाते, आणि दोन-तीन वर्षांच्या वयात चार महिन्यांचा फरक अंगावर दिसतो. म्हणून डिसेंबरपासून तबेल्यात संध्याकाळनंतर दिवे चालू ठेवतात, दिवस आणि दिवे मिळून सोळा तासांचा उजेड होईल इतके. दोनेक महिन्यांत घोडीचे शरीर फसते.

घोडी माजावर आहे का, हे ठरवायला एक ‘टीझर’ ठेवलेला असतो. हा कमी मोलाचा घोडा कठड्यापलीकडून घोडीजवळ नेतात. ती कान मागे पाडून लाथ मारते की शेपटी बाजूला घेऊन उभी राहते, यावरून मोतद्दार सांगतो. मग जनावरांचा डॉक्टर तपासतो. माज साधारण पाच-सात दिवस टिकतो आणि एकवीस दिवसांनी परत येतो. लागवडीनंतर पंधराव्या दिवसाच्या आसपास सोनोग्राफी होते, मुख्यतः जुळे आहे का ते बघायला. घोडीला जुळी पेलत नाहीत, बहुधा दोन्ही जातात. म्हणून इतक्या लवकर एक गर्भ दाबून नाहीसा करतात. गाभण काळ अकरा महिन्यांचा.

वीण बहुतेक रात्रीची. तबेल्यात पाळीचे माणूस जागे असते, पण घोडीला दिसेल असे नाही. कोणी जवळ उभे राहिले तर ती कळा लांबवू शकते. शिंगरू तासाभरात उभे राहावे, दोन तासांत प्यावे, आणि तीन तासांत घोडीची वार पडावी, हा ठोकताळा. त्यातली मधली पायरी सर्वांत महत्त्वाची. माणसाच्या बाळाला नाळेतून आईची रोगप्रतिकारक द्रव्ये मिळतात, शिंगराला मिळत नाहीत. ती सगळी चिकात असतात, आणि आतड्यातून ती रक्तात घेण्याची ताकद शिंगराला पहिल्या दिवसापुरतीच असते. चीक चुकला की जातिवंत शिंगरूही साध्या जंतूने दगावते. म्हणून फार्मवर चीक गोठवून ठेवलेला असतो.

पाच-सहा महिन्यांनी शिंगरांचे दूध तोडतात. लसूणघास, ओट, कोंडा, मोड आणलेले हरभरे, मोजून दिलेला चुना-फॉस्फरस. नालबंदाकडून दर महिन्याला खुरांची निगा, कारण वाढत्या वयात खूर वाकडा झाला तर सांधा वाकडा होतो. दीड वर्षाचे शिंगरू ट्रेनरकडे जाते. पहिला माज आणि पहिली शर्यत यांत असे साडेतीन-चार वर्षांचे अंतर पडते. नवा स्टॅलियन कसा निघाला हे कळायला त्याची दोन हंगामांची शिंगरे धावावी लागतात. चांगली धावलेली घोडी फार्मवर परत येऊन तिचे पोर धावू लागते तोवर दहा वर्षे गेलेली असतात. हा धंदा कुटुंबांकडे टिकतो तो हौसेमुळे नव्हे, किंवा नुसत्या हौसेमुळे तरी नव्हे. एका माणसाच्या उमेदीच्या वर्षांत यातले तीनच डाव खेळून होतात. सोलींनंतर सायरस आणि झवेरे या मुलांनी तो पुढे नेला. झवेरे पूनावाला पुढे रॉयल वेस्टर्न इंडिया टर्फ क्लबचे अध्यक्ष होते. २०२२ साली त्यांचे निधन झाले.

या हिशेबात एक अवघड रकाना आहे. जन्मलेल्या शिंगरांपैकी मोठी शर्यत जिंकणारी थोडी, एखादी तरी शर्यत जिंकणारी काही, आणि बाकीच्यांचा गुडघा सुजतो, शीर जाते, दम पुरत नाही. धावण्याचे वय सहा-सातला संपते, घोडा जगतो पंचवीस वर्षे. काही घोडे रायडिंग क्लबला जातात, काही पोलोला. उरलेल्यांना रोजचा चारा आणि मोतद्दार लागतोच. शर्यतीच्या छायाचित्रांत हे घोडे नसतात, पण फार्मच्या खर्चात असतात.

पूनावालांच्या फार्मवरचे असे घोडे परळला हाफकिन संस्थेकडे जात. आचार्य दोंदे मार्गावरच्या जुन्या गव्हर्नमेंट हाऊसमध्ये १८९९ साली प्लेगची प्रयोगशाळा म्हणून ती सुरू झाली आणि १९२५ साली तिला वाल्डेमार हाफकिन यांचे नाव मिळाले. तिथे घोड्यांपासून सीरम बनत असे. पद्धत १८९० च्या दशकात युरोपात बसली होती. धडधाकट घोड्याला निष्प्रभ केलेले धनुर्वाताचे विष आधी अगदी थोडे, मग वाढत्या मात्रेत टोचतात. काही आठवड्यांत त्याचे रक्त विषाला मारणाऱ्या द्रव्यांनी भरते. मग मानेच्या शिरेतून काही लिटर रक्त काढतात, त्यातला पिवळसर द्रव वेगळा करून शुद्ध करतात, आणि घोड्याला विश्रांती देतात. पाचशे किलोच्या घोड्यात पस्तीस-चाळीस लिटर रक्त असते, त्यामुळे हे त्याला झेपते. शर्यतीला लागतो तो पाय आणि दम इथे लागत नाही. लागते ते वजन, शांत स्वभाव आणि निरोगी रक्त. शिंगराला चिकातून मिळते त्याच जातीची वस्तू माणसाला बाटलीतून मिळते.

फार्म घोडे देई, परळ सीरम बनवी, आणि सीरम तेव्हा नेहमीच टंचाईत. मधला टप्पा आपणच का करू नये, हा प्रश्न सायरस पूनावालांना पडला. हाफकिनमधली अनुभवी माणसे गाठली, काही घोडे विकून सुरुवातीचे भांडवल उभे केले, आणि १९६६ साली हडपसरला फार्मच्या शेजारीच सीरम इन्स्टिट्यूट सुरू झाली. पहिले उत्पादन धनुर्वातावरचे सीरम होते, पुढे सर्पदंशावरचे. घोडा मध्यभागी असलेला हा टप्पा फार काळ टिकला नाही. १९७४ च्या सुमारास घटसर्प-डांग्या खोकला-धनुर्वाताची तिहेरी लस आली, १९८९ मध्ये गोवराची, आणि लशीला घोडा लागत नाही. धनुर्वातावरही आता शक्य तिथे माणसाच्या रक्तातले द्रव्य वापरतात, कारण घोड्याच्या सीरमची ॲलर्जी होते. नाग, मण्यार, घोणस, फुरसे या चौघांवरचे सीरम मात्र आजही घोड्याच्याच रक्तातून येते.

लशींच्या कारखान्यापुढे स्टड फार्म आज अगदी लहान आहे, पण बंद झालेला नाही. सायरस यांचे पुत्र आदर यांनी २०११ पासून सीरमचा कारभार पाहिला. अलीकडच्या वर्षांत महालक्ष्मीची डर्बी सायरस यांच्या दिवंगत पत्नी विलू यांच्या नावाने धावली. डर्बी फेब्रुवारीच्या पहिल्या रविवारी, २४०० मीटर, चार वर्षांच्या घोड्यांची. पैदासकारासाठी ती जाहिरातीपेक्षा परीक्षा जास्त, कारण ज्या घोडीचे पोर ती जिंकते, त्या पोराच्या धाकट्या भावंडांची किंमत दुसऱ्या दिवशी बदलते.

आता फार्मची अडचण मैदानाकडे सरकली आहे. २०१७ मध्ये पैजेवर जीएसटी २८ टक्क्यांनी लागल्यावर शर्यतींच्या बक्षिसांना चिमटा बसला, आणि बक्षिसे आटली की मालक शिंगरू घेताना हात आखडतो. महालक्ष्मीच्या २११ एकरांचा भाडेपट्टा २०१३ साली संपला होता. २०२४ मध्ये १२० एकर महापालिकेकडे उद्यानासाठी गेले आणि शर्यतींसाठी उरले ९१ एकर. पावसाळ्यात पुणे, नोव्हेंबरपासून मुंबई, हा हंगामाचा क्रम तसाच आहे. हंगाम चालू राहील या भरवशावर यंदा लावलेल्या घोडीचे शिंगरू मैदानात उतरायला साडेतीन-चार वर्षे जातील.