गोलात कोण उभं राहणार?

पहाटे ५.१५. जुलैतला शनिवार. रात्रभर धो धो पाऊस आहे. लोणावळ्यात पाऊस उघडायची वाट बघत बसलं तर सराव गणपतीनंतरच सुरू करावा लागेल. आणि १९६० पासून चालत आलेल्या सुब्रतो कप या शालेय फुटबॉल स्पर्धेच्या सुरुवातीच्या फेऱ्या नेमक्या याच दिवसांत येतात. त्यामुळे विजा कडाडत असतील तरच सुट्टी, नुसत्या पावसाला नाही.

६.००. मळवली-कामशेतची पोरं लोकलनं येतात. आज काही जण नाहीत, घरी भाताची लावणी चालू आहे. त्यांना मी बोलत नाही. आधी हलवता येणाऱ्या गोलपोस्टच्या मागच्या पाइपवर वाळूच्या गोण्या टाकायच्या. पोस्ट अंगावर पडून मुलं दगावल्याच्या घटना जगभर घडल्या आहेत, म्हणून गोण्या पडल्याशिवाय चेंडू बाहेर काढत नाही.

६.३०. शूटिंग. बारा जणांची एक रांग लावली की प्रत्येकाच्या वाट्याला येतं ते उभं राहणंच, म्हणून कोन ठेवून चार छोटे गोल करतो. पोरांना जोरात मारायचं असतं. मी बघतो तो टेकलेला पाय. तो चेंडूच्या बाजूला वीतभर अंतरावर हवा, चवड्याचं तोंड लक्ष्याकडे. मारणाऱ्या पायाचा घोटा घट्ट, चेंडू बुटाच्या लेसवर बसला पाहिजे आणि छाती चेंडूवर झुकलेली. अंग मागं गेलं की चेंडू बारवरून थेट कुंपणाबाहेर.

मग कुठं मारायचा? बाजूनं आत आलात तर लांबच्या पोस्टकडे, जमिनीलगत. गोलकीपरनं तो अडवला तरी पुष्कळदा पुढ्यात सुटतो आणि धावत आलेल्या जोडीदाराला मिळतो. ओल्या मैदानावर तर गोलकीपरच्या जरा अलीकडे टप्पा पडू द्यावा. पाण्यावर चेंडू उसळत नाही, सरकतो आणि हाताखालून निघून जातो. इथल्या पोरांनी हे लोणावळ्याच्या पावसातच शिकावं. असं मैदान त्यांना वर्षातले चार महिने फुकट मिळतं.

९.००. पोरं शाळेत, मी चहाला.

दुपारी ग्लोव्हज. पोरांच्यात फिरणारे मोजकेच जोड आहेत. साबण न लावता कोमट पाण्यात हलक्या हातानं धुवायचे, पिळायचे नाहीत. कडक उन्हात तळव्याचं लॅटेक्स तडकतं. इथं सध्या ऊनच नाही, म्हणून पंख्याखाली दोरीवर.

४.००. कामशेत. बारा वर्षांखालची बॅच, चार नंबरचा चेंडू. बहुतेक ठिकाणी गोलात कोण उभं राहतं? जो नवीन आहे, जाडा आहे किंवा ज्याला पळता येत नाही तो. मग मोठी पोरं त्याच्यावर तासभर शॉट मारतात आणि त्यालाच गोलकीपरचा सराव म्हणतात. मला याची मनापासून चीड आहे. असं पोरगं दोन महिन्यांत यायचं बंद होतं. माझ्या बॅचमध्ये या वयात सगळेच आळीपाळीनं गोलात जातात. मारणाऱ्याला गोल कुठून उघडा दिसतो, हे गोलात उभं राहिल्यावर फार लवकर कळतं.

५.००. खास गोलकीपरचा तास. पकडण्याआधी पडणं शिकवतो, बसून, मग गुडघ्यावर, मग ओणवं आणि शेवटी उभं राहून. मांडीची बाहेरची बाजू, कंबर, खांदा या क्रमानं जमिनीला लागायचं. कोपर कधीच खाली टेकायचं नाही. चिखल असला की पडायची भीती निम्मी होते.

मग दोरी. दोन्ही पोस्टना बांधलेल्या दोऱ्या ११ मीटरवरच्या चेंडूपाशी आणून मिळवतो. सातवीतली एक मुलगी गोलरेषेवर उभी आहे. दोन्हीकडे मिळून ७.३२ मीटर सांभाळायचं, हात पुरत नाहीत. "ये पुढं." ती चार मीटर पुढं येते, दोऱ्या जवळ येतात, अंतर साधारण ४.६६ मीटर उरतं. ती दोन्ही हात पसरून मापून बघते. "सर, अजून पुढं आले तर?" मी चेंडू तिच्या डोक्यावरून उचलून टाकतो. ती वळून बघते आणि न सांगता एक पाऊल मागं सरकते.

शॉट बसायच्या क्षणी थांबलेलं असायचं, वजन चवड्यांवर. ओला चेंडू धरवत नसेल तर समोर सोडायचा नाही, बाजूला ढकलायचा.

तिचे वडील शेतावरून तसेच आलेत, पाय अजून चिखलानं भरलेले. "सर, पोरीला गोलात नका उभी करू. तोंडाला लागंल."

"दादा, लागतं ते हात कुठं ठेवायचे हे न शिकवल्यानं. पंधरा मिनिटं थांबून बघा." ते थांबतात. भारताची अदिती चौहान २०१५ मध्ये इंग्लंडच्या वेस्ट हॅम क्लबकडून खेळू लागली ती गोलकीपर म्हणूनच, हेही सांगतो.

७.००. शनिवार असल्यानं हायवे पर्यटकांच्या गाड्यांनी तुंबलाय. मी लोकलनंच परततो आणि डब्यात उद्याची यादी करतो. सकाळच्या बॅचमध्ये सर्वांत जास्त गोल मारणारा पोरगा पहिली वीस मिनिटं गोलात. तो कुरकुरणार. यादी बदलणार नाही.