दूरच्या कॅमेऱ्याचा संपर्क: गैरसमज आणि वस्तुस्थिती

शेतावर, गोदामात किंवा कुलूपबंद घरावर लावलेल्या नेटवर्क कॅमेऱ्याचे चित्र गावातल्या वा शहरातल्या संगणकावर दिसेनासे झाले, की कॅमेरा बिघडला असा निष्कर्ष लगेच काढला जातो. प्रत्यक्षात कॅमेऱ्यापासून संगणकापर्यंतचा मार्ग वीजपुरवठा, केबल किंवा वायफाय, जागेवरचा राउटर, इंटरनेट सेवा पुरवणाऱ्या कंपनीचे जाळे आणि संगणकावरील प्रणाली अशा अनेक टप्प्यांतून जातो, आणि यांपैकी कोणताही टप्पा तुटला तरी पडद्यावर उमटणारा संदेश बहुधा एकच असतो. त्यामुळे कॅमेरा खांबावरून उतरवण्याआधी मार्ग कुठपर्यंत शाबूत आहे हे ठरवावे लागते.

कॅमेरा दिवसा चालतो त्या अर्थी त्याला वीज पुरेशी मिळते, ही समजूत सर्वाधिक फसवी आहे. अंधार पडल्यावर कॅमेऱ्यातील अवरक्त दिवे, म्हणजे डोळ्यांना न दिसणारा पण कॅमेऱ्याला दिसणारा प्रकाश देणारे एलईडी, सुरू होतात आणि विजेची मागणी एकदम वाढते. अनेक ठिकाणी १२ व्होल्टचा अ‍ॅडॉप्टर घरात ठेवून नेटवर्क केबलच्याच मोकळ्या तारांतून वीज कॅमेऱ्यापर्यंत नेलेली असते. जाण्यासाठी दोन आणि परतीसाठी दोन तारा वापरल्या, तर ५० मीटर लांबीच्या साध्या तांब्याच्या केबलचा जाऊन-येऊन रोध सुमारे ४ ओहम भरतो. दिवसा ०.३ अँपिअर प्रवाह वाहत असताना वाटेत सव्वा व्होल्टच्या आसपास गळती होते आणि ती कॅमेऱ्याला सोसते. रात्री प्रवाह ०.७ अँपिअरवर गेला, की जवळजवळ ३ व्होल्ट वाटेतच जातात, कॅमेऱ्याच्या वाट्याला ९ व्होल्ट उरतात, तो बंद पडतो, भार उतरल्यामुळे व्होल्टेज पुन्हा वर चढते आणि तो परत सुरू होतो. सूर्यास्तानंतर दर मिनिटा-दोन मिनिटांनी तुटणाऱ्या संपर्काचे मूळ बहुधा येथे असते. तांब्याचा मुलामा दिलेल्या अ‍ॅल्युमिनियमच्या स्वस्त केबलमध्ये ही गळती आणखी वाढते. तंत्रज्ञ अनेकदा कॅमेऱ्याची पिन काढून मल्टिमीटर लावतो आणि पूर्ण १२ व्होल्ट दिसल्याने निश्चिंत होतो. परंतु मीटर स्वतः जवळजवळ प्रवाहच घेत नसल्यामुळे ते मोजमाप निरर्थक ठरते. मोजायचे ते रात्री, दिवे लागलेले असताना आणि कॅमेऱ्याच्या टोकाशी. पीओई, म्हणजे डेटाच्या केबलमधूनच ४४ ते ५७ व्होल्टची वीज पाठवण्याची प्रमाणित पद्धत, २००३ पासून उपलब्ध आहे. व्होल्टेज जास्त म्हणून प्रवाह कमी आणि प्रवाह कमी म्हणून गळती कमी, या साध्या हिशेबामुळे ती १०० मीटरपर्यंत निभावते.

दुसरी समजूत पत्त्यासंबंधी आहे. नेटवर्कवरील प्रत्येक उपकरणाला आयपी पत्ता, म्हणजे अंकांनी लिहिलेली ओळख, मिळालेला असतो आणि तो एकदा नोंदवला की कायम राहतो, असे धरले जाते. राउटर मात्र हे पत्ते ठरावीक मुदतीच्या बोलीवर वाटतो, आणि वीज जाऊन आल्यावर कालपर्यंत १९२.१६८.१.२० वर असलेला कॅमेरा १९२.१६८.१.२३ वर जाऊन बसू शकतो. संगणक जुन्याच दारावर थाप मारत राहतो. भारनियमनानंतर कॅमेरे ‘मरतात’ ही तक्रार बरीचशी यातून येते. राउटरमध्ये त्या कॅमेऱ्याच्या मॅक क्रमांकाच्या, म्हणजे कारखान्यातच दिलेल्या कायम क्रमांकाच्या, नावे एक पत्ता राखून ठेवला की हा प्रश्न मिटतो. पत्त्याची सुरुवात १६९.२५४ अशी दिसली तर कॅमेऱ्याला कोणाकडूनही पत्ता मिळालेला नाही, त्याने तो स्वतःच घेतला आहे, हे ओळखावे आणि शोध केबल व राउटरकडे वळवावा.

जागेवर मोबाइलचे सिम घातलेला राउटर असेल आणि त्यावर इंटरनेट चालत असेल, तर बाहेरून कॅमेऱ्यापर्यंत पोहोचता आलेच पाहिजे, असेही मानले जाते. परंतु आयपीच्या चौथ्या आवृत्तीतील पत्त्यांचा जागतिक साठा २०११ मध्ये वाटून संपला, आणि तेव्हापासून अनेक कंपन्या एकच सार्वजनिक पत्ता शेकडो ग्राहकांत विभागून देतात. अशा वेळी आतून बाहेर जाणारी विनंती परत येण्याची वाट जाणते, पण बाहेरून आलेली विनंती नेमकी कोणत्या ग्राहकाची हे कंपनीच्या यंत्रणेला कळत नाही. राउटरमध्ये पोर्ट फॉरवर्डिंगची, म्हणजे बाहेरची विनंती नेमक्या उपकरणाकडे वळवण्याची, कितीही सोय केली तरी ती विनंती त्या राउटरपर्यंत पोहोचतच नाही. राउटरच्या इंटरनेटकडील बाजूचा पत्ता १००.६४ ते १००.१२७ यांपैकी कशानेही सुरू होत असेल, तर तो २०१२ मध्ये याच कामासाठी राखून ठेवलेल्या गटातला आहे आणि पोर्ट फॉरवर्डिंगवर घालवलेली दुपार वाया जाणार हे निश्चित. उपाय दोनच: कंपनीकडून स्वतंत्र सार्वजनिक पत्ता घेणे, किंवा जोडणी आतून बाहेर सुरू होईल अशी व्हीपीएन, म्हणजे इंटरनेटवरून जाणारी खासगी वाट, वा निर्मात्याची क्लाउड सेवा वापरणे. पोर्ट उघडणे शक्य असले तरी शहाणपणाचे नसते. २०१६ मध्ये मिराई नावाच्या घातक प्रणालीने कारखान्यातले पासवर्ड तसेच राहिलेले कॅमेरे व राउटर हेरून त्यांचीच फौज उभी केली होती.

पिंगला, म्हणजे उपकरण जागे आहे का हे विचारणाऱ्या छोट्या संदेशाला, उत्तर आले की मार्ग निर्दोष आहे, हा समज तंत्रज्ञांमध्येही आढळतो. विंडोजचा पिंग सवयीने ३२ बाइटचा मजकूर पाठवतो, तर चित्राची पाकिटे हजार-चौदाशे बाइटची असतात. सैल क्रिम्पिंगवर, म्हणजे केबलच्या टोकाच्या ढिल्या जोडावर, किंवा क्षीण वायफायवर छोटे पाकीट सुखरूप जाते आणि मोठे गळते. पिंगचा आकार १,४०० बाइटपर्यंत वाढवून काही मिनिटे चालू ठेवला, तर हा दोष उघड होण्याची शक्यता बरीच वाढते. वेगाच्या बाबतीतही असेच घडते. जाहिरातीत सांगितलेला वेग बहुधा डाउनलोडचा असतो, तर कॅमेऱ्याला लागतो तो अपलोडचा. सेकंदाला ४ मेगाबिट पाठवणारा एक कॅमेरा सतत पाहिला तर दिवसाला सुमारे ४३ गिगाबाइट डेटा खर्च होतो, आणि सिमची दैनंदिन मर्यादा सकाळीच संपून वेग मंदावला की दोष पुन्हा कॅमेऱ्यावरच येतो.

रेकॉर्डरने, म्हणजे कॅमेऱ्यांचे चित्र साठवणाऱ्या यंत्राने, बरोबर पासवर्ड देऊनही कॅमेरा तो नाकारतो, तेव्हा पासवर्ड बदलण्याआधी कॅमेऱ्याचे घड्याळ पाहावे. निरनिराळ्या निर्मात्यांची उपकरणे एकमेकांशी बोलू शकावीत म्हणून २००८ पासून आकाराला आलेल्या ऑनव्हिफ या मानकात पासवर्डसोबत वेळेची नोंदही मिसळली जाते, आणि वीज गेल्यावर कॅमेऱ्याचे घड्याळ कित्येक वर्षे मागे गेलेले असेल तर योग्य पासवर्डही जुना ठरून परत पाठवला जातो. ब्राउझरमधून त्याच पासवर्डने प्रवेश मिळतो आणि रेकॉर्डरला मात्र मिळत नाही, ही याची खूण.

ब्राउझरमध्ये कॅमेऱ्याचे पान उघडते पण चित्राची चौकट काळी राहते, यावरून भिंगाला वा संवेदकाला दोष देणे घाईचे ठरते. जुन्या कॅमेऱ्यांचे चित्र इंटरनेट एक्सप्लोररमधील पूरक प्रणालीवर विसंबून असे, आणि मायक्रोसॉफ्टने जून २०२२ मध्ये तो ब्राउझर निवृत्त केला. व्हीएलसीसारख्या प्रणालीत आरटीएसपीचा, म्हणजे चित्रप्रवाह मागवण्याच्या नियमावलीचा, पत्ता देऊन पाहिले आणि चित्र आले, तर कॅमेरा ठणठणीत आहे.

राहिला फॅक्टरी रीसेट. तो रीस्टार्टचाच जोरकस प्रकार समजला जातो. परंतु रीस्टार्ट सेटिंग जपतो, तर रीसेट पत्ता, पासवर्ड आणि वायफायचे नाव या तिन्ही गोष्टी पुसतो. आजचे बरेच कॅमेरे रीसेटनंतर नवा पासवर्ड दिल्याशिवाय चित्रच देत नाहीत, आणि वायफायचे नाव पुसले गेल्यावर तो पासवर्ड दुरून देण्याची सोयही उरत नाही. दुरून रीसेटचे बटण दाबणाऱ्याला त्यानंतर शिडी घेऊन जागेवर जावेच लागते.